बारावे चित्र

आपल्या मराठी भाषेतील 'काढणे' हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. विहिरीतून पाणी काढतात, गाईचे दूध काढतात, पायातला काटा काढतात, शाळेची सहल काढतात, फोटो काढतात आणि अडचणीच्या वेळी सावकाराकडून कर्जही काढतात. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींचे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कर्ज काढले तर ते फेडावे लागते, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु फोटो काढला म्हणजे आपण कोणाचे तरी देणेकरी झालो, असे म्हटले तर लोक हसतील. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस सह्याद्रीच्या अरण्यात आम्ही चार दिवस तंबू ठोकून राहिलो, तेव्हा या गोष्टीचा विचार करण्याचा प्रसंग मजवर आला. त्या प्रवासाची हकीकत आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

विद्यार्थीमित्रहो, आपण ठाणे, कल्याण, डोंबिवली या नगरांत राहणारी माणसे. लोकलगाडीच्या गर्दीत मान वर करण्याची आपली सवय मोडली आहे, एरवी डोंगर आपल्यापासून दूर नाहीत. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरची टेकाडे उभी आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर अरण्याची ती पूर्वेकडील बाजू होय, आणि तेथे आजही बिबट्या मोकळा हिंडतो. कल्याण-डोंबिवलीच्या गच्चीवरून मलंगगडाचा सुळका दिसतो. आसनगावाजवळ माहुलीचे कडे दिसतात. आणि या सर्वांच्या पाठीशी सह्याद्रीची मुख्य भिंत उभी असते. भातसा नदीचे पाणी ठाण्या-मुंबईस जाते. उल्हास नदीचे व बारवी धरणाचे पाणी कल्याण-डोंबिवलीच्या परिसरास मिळते. म्हणजे डोंगराकडे आपण पाहो वा न पाहो, सकाळी उठून नळाची तोटी फिरवली की त्याच्याशी आपला व्यवहार सुरू होतो.

आम्ही चौघे निघालो. माझे एक सहकारी शिक्षक, ज्यांची जीप होती व जे ती स्वतः चालवीत, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात असलेली माझी पुतणी, नववीत शिकणारा माझा भाचा, आणि मी. दोन तंबू, एक स्टोव्ह, तांदूळ, डाळ, पिठल्याचे साहित्य, पाण्याचे कॅन, आणि प्रत्येकाजवळ फोटो काढण्याचे काही ना काही साधन. मजजवळ माझ्या वडिलांचा जुना आगफा क्लिक कॅमेरा होता. १२० क्रमांकाच्या फिल्मची एक गुंडाळी त्यात घातली की बारा चौकोनी चित्रे निघतात. तेरावे निघत नाही.

याच कॅमेऱ्यामुळे आमच्या प्रवासाची दिशा ठरली होती. माझे वडीलही शिक्षक होते. १९८४ सालच्या मे महिन्यात ते आपल्या दोन स्नेह्यांसह कल्याणहून एस. टी. ने माळशेज घाट चढून खिरेश्वरास गेले, तेथून हरिश्चंद्रगडावर आणि पुढे भंडारदऱ्यास. त्या प्रवासात त्यांनी एकच फिल्म खर्च केली. घरातील जुन्या अल्बममध्ये त्या प्रवासाची अकरा चित्रे आहेत. बाराव्या जागी मात्र काळ्या कागदावर चित्र अडकविण्याचे चार कोपरे तेवढे चिकटविलेले आहेत, आणि खाली वडिलांच्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे: 'खिरेश्वर. पोचते केले.' याचा अर्थ घरात कोणासच सांगता येईना. वडील आज हयात नाहीत. तेव्हा त्याच मार्गाने जावे, त्यांनी जेथे तंबू ठोकला तेथे शक्य तर आपणही ठोकावा, आणि जमल्यास त्या तीन शब्दांचा शोध घ्यावा, असे ठरले.

निघताना मी एक नियम केला. प्रत्येकाने दिवसाला बाराच चित्रे काढावीत. भाच्याने तक्रार केली, "मामा, आता फिल्म कुठे लागते? हजार फोटो काढले तरी पैसा पडत नाही." मी म्हटले, "फिल्म लागत नाही हे खरे. पण डोळे अजून तेच लागतात." त्याचे समाधान झाले नाही. पुतणीने मात्र वहीत एक ते बारा आकडे लिहिले व प्रत्येकापुढे रिकामी ओळ सोडली.

कल्याण सोडल्यावर रायते येथे उल्हास नदी ओलांडली आणि मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करीत आम्ही घाटाच्या पायथ्याकडे निघालो. हा रस्ता नवा असला तरी ही वाट जुनी आहे. प्राचीन काळी कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच मुलुखातून नाणेघाटाने जुन्नरास जाई. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. डोंगर चढून जाणाऱ्याने काही तरी देऊन पुढे जावे, हा शिरस्ता येथे इतका जुना आहे! माळशेज घाटात पावसाळ्यातील धबधबे अजून सुरू झाले नव्हते. कातळ तापून काळे पडले होते, आणि रस्त्याच्या कडेला मुली पानांच्या द्रोणांत करवंदे व जांभळे विकीत होत्या. भाच्याने घाट संपण्यापूर्वीच आपली बारा चित्रे संपविली. त्यांपैकी सात चालत्या जीपमधून काढलेली होती, व त्यांत डोंगरापेक्षा जीपच्या काचेचेच दर्शन अधिक होते.

खिरेश्वर हे गाव हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाजवळ वसले आहे. गावाबाहेर नागेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. अभयारण्यात वाटेल तेथे तंबू ठोकू नयेत, म्हणून गावातच कोणाच्या तरी शेतात परवानगीने राहावे असा आमचा विचार होता. चौकशी करता करता पुतणीने अल्बमचे ते रिकामे पान एका वृद्ध गृहस्थांस दाखविले आणि १९८४ साली कल्याणकडचे तिघे मास्तर येथे कोणाकडे उतरले होते, असे विचारले. ते गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी गावाच्या वरच्या अंगाच्या एका घराकडे बोट दाखविले.

त्या घरी पन्नाशीच्या आसपासचे एक शेतकरी भेटले. आम्ही येण्याचे कारण सांगताच ते आत गेले व देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवरून एक लहानशी तसबीर काढून घेऊन आले. काचेच्या आत सहा सेंटिमीटरचे एक चौकोनी चित्र होते. उंबऱ्यावर एक बाई बसली आहे, तिच्या मांडीला टेकून आठदहा वर्षांचा एक उघडा मुलगा उभा आहे, आणि दोघांनीही उन्हामुळे डोळे बारीक केले आहेत. "ह्यो मी," ते म्हणाले, "आन् ही माझी आई. दोन वर्सांनी ती वारली. तिचा दुसरा फोटू न्हाई." मग किंचित थांबून त्यांनी सांगितले, "पोस्टानं आला व्हता. दुमडू नये म्हणून पाकिटात पुठ्ठा घातला व्हता मास्तरांनी. त्यो पुठ्ठाबी आईनं ठेवला व्हता."

आम्हा चौघांपैकी कोणीच काही बोलले नाही. चार कोपऱ्यांच्या रिकाम्या जागेचा अर्थ आम्हांस कळला होता. वडिलांजवळ त्या चित्राची एकच प्रत होती, आणि ती त्यांनी आपल्या अल्बमात ठेवली नाही. ज्याची वस्तू त्याला पोचती केली, आणि हिशेबाच्या वहीत लिहावे तसे तेवढेच लिहून ठेवले.

त्या रात्री त्यांच्याच अंगणाशेजारी आम्ही तंबू ठोकले. तंबूच्या दोऱ्या ताणताना मी मुलांस सांगितले की, तंबू आणि छायाचित्र यांचे नाते आजचे नाही. ज्या १८५४ साली रेल्वे कल्याणास पोहोचली, त्याच साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्या काळी काचेवर ओले रासायनिक द्रव्य पसरून ते वाळण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून डोंगरात जाणारा छायाचित्रकार काळोखा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या व पाणी हे सारे खेचरांवर लादून नेई. तंबू झोपण्याकरिता नसे. चित्राच्या जन्माची ती खोली असे. १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सन नावाचा छायाचित्रकार असाच सरंजाम घेऊन अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशात सरकारी पाहणीपथकाबरोबर गेला. उकळत्या पाण्याचे उंच फवारे व रंगीत दऱ्या तेथे आहेत, या वार्तेवर तोपर्यंत अनेकांचा विश्वास नव्हता. त्याची चित्रे तेथील लोकप्रतिनिधींसमोर ठेवण्यात आली, आणि १ मार्च १८७२ रोजी तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून कायद्याने राखून ठेवण्यात आला. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याती आहे. चित्र काढणाऱ्याने डोंगराचे देणे असेही फेडता येते.

दुसरी गोष्ट अॅन्सेल अॅडम्स यांची. १९२७ सालच्या एप्रिलमध्ये हा तरुण योसेमिटी येथील 'हाफ डोम' या प्रचंड कड्याचे चित्र घेण्यास बर्फातून वर चढला. त्याच्याजवळ बारा काचा होत्या. कड्यासमोर पोहोचेपर्यंत दोनच उरल्या. एक खर्च केल्यावर त्याच्या मनात आले की, कडा आपल्याला जसा भासतो आहे तसा हा उमटणार नाही. तेव्हा भिंगापुढे गडद तांबडी काच लावून, आकाश काळे करून, त्याने शेवटचे चित्र घेतले, आणि त्याच चित्राने त्याचे नाव झाले. पुढे त्याच्या चित्रांचा उपयोग किंग्ज कॅन्यन हे उद्यान राखले जाण्यास झाला. ते १९४० साली स्थापन झाले. भाचा ऐकत होता. "म्हणजे त्यालाही बाराच होती," एवढेच तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलची घाई बरीच कमी झाली.

पहाटे चारला निघून, तोलार खिंडीच्या वाटेने, सूर्य तापण्यापूर्वी आम्ही गडावर पोहोचलो. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो, आणि १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा तो दक्षिणेकडील मुकुट आहे. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, हेही येते. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव देऊळ आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यात कमरेएवढ्या थंडगार पाण्यात एक भव्य शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड राहिला आहे. तेथे अंधार इतका होता की पुतणीने कॅमेरा पिशवीत ठेवला व पाण्याचा आवाज ऐकत बसली. तिच्या वहीत त्या जागी एक रिकामी ओळ आहे व पुढे लिहिले आहे: 'काढले नाही. थंडी आठवावी.'

मग आम्ही कोकणकड्यावर गेलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहून थिजला; त्या थरांचा हा काळा कातळ नागाच्या फणीसारखा आत वळलेला आहे. हजार फुटांहून अधिक खोल अशी ती भिंत पाहताना पोटात कालवते. कडेपर्यंत कोणी उभ्याने जाऊ नये. आम्ही पालथे पडून, एकमेकांचे पाय धरून खाली पाहिले. खाली जी कौलारू घरे दिसत होती ती आपल्याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याची. ज्या रस्त्याने आदल्या दिवशी आम्ही आलो होतो, तो मुलूख असा वरून प्रथमच दिसला.

या कड्याविषयी एक नोंद फार मनोवेधक आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानासंबंधी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात लिहिले आहे की, कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या काठाशी थांबले असता आणि सूर्य पाठीशी खाली असता, त्याला धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले. आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी त्याची स्वतःची, घोड्याची व बरोबरच्या माणसांची छाया चौकटीत बसविल्यासारखी स्पष्ट होती. बरोबरच्या माणसांना त्या आपल्याच सावल्या आहेत हे खरे वाटेना. त्यांनी हातपाय हालवून पाहिले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली! आपले लोक या देखाव्यास इंद्रवज्र म्हणतात. धुक्याचे सूक्ष्म जलबिंदू सूर्याचा प्रकाश आलेल्या वाटेनेच मागे परतवितात, म्हणून हे घडते. यातील विशेष हा की, दहा माणसे ओळीने उभी राहिली तर प्रत्येकाला ते तेजोवलय आपल्याच मस्तकाभोवती दिसते, शेजाऱ्याच्या मस्तकाभोवती नाही.

आम्हांस इंद्रवज्र दिसले नाही. आकाश निरभ्र होते. परंतु त्या दिवशी कड्यावर जी तरुण मंडळी आली होती, त्यांच्याकडे पाहून मला साइक्सची नोंद आठवली. बहुतेकांची पाठ कड्याकडे होती. हात लांब करून प्रत्येक जण आपलाच चेहरा टिपीत होता, आणि कडा त्याच्या खांद्यामागे पडदा म्हणून उभा होता. यात त्यांचा मोठा अपराध आहे असे मी म्हणत नाही. आपण अमुक ठिकाणी होतो हे घरच्यांना दाखवावेसे वाटणे माणसाच्या स्वभावातच आहे. मात्र आपल्याच डोक्याभोवतीचे वलय पाहून जो परततो, त्याने डोंगर पाहिला असे म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर या मार्गाने आम्ही भंडारदऱ्यास गेलो. येथे प्रवरा नदीवर इंग्रजी अमदानीत दगडी धरण बांधले. काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. जलाशयाच्या पलीकडे रतनगड, आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे शिल्पसमृद्ध देऊळ आहे. जलाशयाच्या काठावरील एका लहान वाडीत, एका वृद्ध दांपत्याच्या शेतात आम्हांस तंबूकरिता जागा मिळाली.

हा काळ मृगाच्या आधीचा, म्हणजे काजव्यांचा. मेअखेरीपासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत येथील हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. भाच्याने दिवसभर अकराच चित्रे काढली होती. बारावे त्याने काजव्यांसाठी राखून ठेवले होते. तिपाईवर कॅमेरा बसवून, भिंग अर्धा मिनिट उघडे ठेवून ते कसे घ्यावयाचे, याचा अभ्यास त्याने घरूनच केला होता. पुतणीने आपला चांगला कॅमेरा त्यासाठी त्याला दिला होता. खरे सांगावयाचे तर या एका चित्राकरिताच तो प्रवासास आला होता.

सूर्य मावळण्याच्या सुमारास ते वृद्ध बाबा तंबूपाशी आले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून मग ते संकोचाने म्हणाले, "पोरा, आमचा दोघांचा एक फोटू काढशील? आधार कार्डावरचा हाय, पर तो एकेकल्याचा. दोघांचा मिळून न्हाई. म्हातारी आता आजारी असती." घराच्या ओट्यावर आजी बसल्या होत्या. त्यांनी बोलावण्यापूर्वीच डोक्यावरचा पदर नीट केला होता.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. बाकी तिघांची बारा संपली होती. माझ्या फिल्मचीही अखेर दुपारी रतनवाडीस झाली होती. नियम मीच केला होता, आणि तो मोडण्याची परवानगी देणे मला कठीण नव्हते. तेरावे चित्र काढल्याने मोबाइल काही फुटत नाही. परंतु मी ती परवानगी दिली नाही व नाकारलीही नाही. मी गप्प राहिलो. मुलगा पंधरा वर्षांचा होता. आपल्या जवळचे शेवटचे कशावर खर्च करावे, हे ठरविण्याइतके ते वय मोठे आहे.

त्याने तिपाई उचलली, ओट्यासमोर नेऊन ठेवली, आणि मावळतीचा उजेड आजींच्या चेहऱ्यावर यावा म्हणून तिघांदा जागा बदलली. बाबांना त्याने आजींच्या शेजारी बसविले. "हात कुठं ठेवू?" असे बाबांनी विचारले, तेव्हा आजींनीच त्यांचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला. मुलाने चित्र घेतले, कॅमेरा बंद केला आणि पिशवीत ठेवला.

रात्री आठनंतर बांधावरच्या एका प्रचंड हिरड्याच्या झाडावर प्रथम दोनचार ठिणग्या दिसल्या, मग शेकडो, आणि मग असे वाटू लागले की झाड श्वास घेत आहे. सारे काजवे एका तालात उजळत व एका तालात विझत. हा उजेड म्हणजे नरांची हाक होय. प्रत्येक जातीचा ताल निराळा. मादी त्या तालावरून आपल्या जातीचा नर ओळखते व मंद प्रकाशाने उत्तर देते. अळीच्या अवस्थेत दीर्घकाळ ओल्या मातीत व पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढलेला हा जीव पंख फुटल्यावर काही थोडे आठवडेच जगतो. तेवढ्यात त्याचे सारे व्हावयाचे असते.

इतक्यात रस्त्याकडून दोन गाड्या आल्या. दिव्यांचा झोत सरळ झाडावर पडला, गाणी लागली, मोबाइलचे दिवे चमकू लागले, आणि झाड विझले. बाबा अंधारातून काठी टेकीत तिकडे गेले. त्यांचा आवाज चढला नाही. "दिवं मालवा, दादांनो," ते म्हणाले. "त्यांची लगीनसराई हाय. कुणाच्या मांडवात जाऊन असा उजेड मारतो का आपण?" त्या मंडळींत समजूतदार कोणी असावा. दिवे मालवले गेले, गाणी थांबली. तरी पुष्कळ वेळ झाड काळेच राहिले. अशाच गर्दीमुळे अलीकडच्या वर्षांत वनखात्याला काजव्यांच्या हंगामात प्रवाशांवर निर्बंध घालावे लागले आहेत. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, या लोकांना येथे आणले कोणी? सुंदर चित्रांनीच. ज्या कलेने यलोस्टोन वाचविले, तीच कला येथे झाड विझवू शकते. चित्र काढणारा मागे काय ठेवून जातो, यावर ते अवलंबून आहे.

अर्ध्या तासाने एक ठिणगी परतली. मग झाड हळूहळू पुन्हा पेटले. भाच्याजवळ कॅमेरा नव्हता, मोजणी नव्हती, कोन शोधण्याची धडपड नव्हती. तो बांधावर बसून नुसता पाहत होता. तासाभराने तो मला म्हणाला, "मामा, खालचे आधी पेटतात आणि मग लाट वर जाते." मी दोन वेळा पाहिल्यावर मला ते दिसले. घरी परतल्यानंतर काजव्यांची पुष्कळ सुंदर छायाचित्रे आम्ही पाहिली. परंतु ती लाट कोणत्याच स्थिर चित्रात दिसली नाही.

चौथ्या दिवशी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर असे उतरत आम्ही कल्याणास आलो. पुढच्या आठवड्यात दोन कामे केली. वडिलांच्या निगेटिव्हांतून ते बारावे चित्र शोधून डोंबिवलीच्या एका फोटो स्टुडिओत मोठे करून घेतले व खिरेश्वरास पाठविले. आणि भाच्याने काढलेल्या ओट्यावरच्या दांपत्याच्या चित्राच्या दोन प्रती काढून, मध्ये पुठ्ठा घालून, त्याच्याच हातांनी पत्ता लिहून पोस्टात टाकल्या. पुठ्ठा घालण्यास मी त्याला सांगितले नव्हते.

श्रावणात बाबांच्या नातवाचा फोन आला. चित्र पोहोचले होते. आजी त्यापूर्वी पंधरा दिवस देवाघरी गेल्या होत्या. दहनानंतर घरात ठेवण्यास त्यांचा म्हणून तोच एक फोटो होता, आणि बाबा त्यात शेजारी असल्यामुळे, नातू म्हणाला, लोक त्याला हार घालू की नको असे विचारतात. बाबांनी सांगितले, घाला. मी तिच्या शेजारी हाय म्हणून काय झालं.

विद्यार्थीमित्रहो, हे वृत्त तुम्हांस उपदेश करावा म्हणून लिहिले नाही. तथापि शिक्षकाच्या लेखणीतून थोडा उपदेश सांडतोच, त्याबद्दल पालकांनी क्षमा करावी. तुमच्या हाती आज जे यंत्र आहे ते माझ्या वडिलांच्या हाती असते तर त्यांस परमानंद झाला असता. त्याचा उपयोग अवश्य करा. डोंगरात जा, तंबूत राहा, चित्रे काढा. मात्र ज्या माणसाचे चित्र काढाल त्याचे नाव व पत्ता विचारून घ्या, आणि कागदावर छापलेली प्रत त्याला पोचती करा. ज्या झाडाचे चित्र काढाल त्याचे नाव शिका, आणि त्याच्याखालचा पालापाचोळा तुडवू नका. ज्या प्राण्याला तुमच्या उजेडाने भय वाटेल, त्याचे चित्र डोळ्यांतच राहू द्या. आणि एखादे स्थळ फारच आवडले, तर ते जगाला दाखविण्यापूर्वी तेथील रहिवाशांस एकदा विचारा की, जग येथे आलेले तुम्हांस चालेल काय?

आमच्या घरच्या अल्बममध्ये या प्रवासाचे एक नवे पान झाले आहे. त्यावरही चार कोपऱ्यांची एक जागा रिकामी आहे. तिच्याखाली काय लिहावे, हे भाच्याला कोणी सांगावे लागले नाही.